लस, कॅन्सर आणि मनातली गाठ

बाळ जन्मलं की त्याच्या डाव्या दंडावर बीसीजीची सुई टोचतात. त्या दिवशी तिथे काहीच दिसत नाही. दोन-तीन आठवडे जातात आणि एक दिवस तेल लावताना आजीच्या बोटाला काहीतरी लागतं. मसुराच्या डाळीएवढा फुगवटा. मग तो वाढतो, लाल होतो, त्याला तोंड पडतं, थोडा पू येतो. आजी सुनेला हाक मारते, सून माहेरी फोन लावते आणि बोलता बोलता कुणाच्या तरी तोंडून तो शब्द निघतो: गाठ. आपल्या घरांत या शब्दाला आता एकच अर्थ उरला आहे, आणि तो उच्चारला की सगळ्यांचे चेहरे उतरतात.

हा फुगवटा म्हणजे बीसीजी आपलं काम करत असल्याची खूण आहे. त्याला शेकायचं नाही, मलम लावायचं नाही, फोडायचं नाही. साधारण दोन-तीन महिन्यांत खपली पडून जखम भरते आणि छोटा वण मागे राहतो. तसाच वण तुमच्या-माझ्या दंडावर आहे. पण सुई टोचली त्या दिवशी हे दोन वाक्यांत कुणी सांगितलेलं नसतं. त्याच आठवड्यात मोबाइलवर "लसींमुळे कॅन्सर वाढतोय" असा मेसेज येतो. दंडावरची गाठ बसून जाते, मनातली बसत नाही.

ती मनातली गाठ सोडवायला हा लेख आहे. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या निरोगी मुलाला टोचल्या जाणाऱ्या औषधाबद्दल शंका विचारणं हा आईबापांचा हक्क आहे. शंका विचारणाऱ्याला अडाणी ठरवून गप्प करणं मला मान्य नाही. पण शंका अर्धवट विचारली तर उत्तरही अर्धवटच मिळतं, म्हणून ती पुरी विचारायला शिकू या.

शंका पुरी कशी विचारायची?

"लसीमुळे कॅन्सर होतो का?" हा प्रश्न "औषधामुळे त्रास होतो का?" इतकाच मोघम आहे. त्याचे चार भाग करा.

एक, कोणती लस? पोलिओचे थेंब, कावीळ ब ची लस, गोवरची लस आणि कोविशिल्ड या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळ्या एकाच पद्धतीने बनत नाहीत. एकीबद्दलचं विधान दुसरीला लागू होत नाही.

दोन, कोणता कॅन्सर? रक्ताचा, स्तनाचा, तोंडाचा, यकृताचा असे कितीतरी वेगवेगळे आजार आपण एका नावाने ओळखतो. त्यांची कारणंही वेगळी असतात.

तीन, किती काळाने? एका पेशीत बिघाड होण्यापासून हाताला लागणारी गाठ होण्यापर्यंत बहुतेक कॅन्सरना वर्षानुवर्षं लागतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर विषाणूचा संसर्ग झाल्यापासून साधारण १५ ते २० वर्षांनी उभा राहतो. लस घेतल्यावर दोन महिन्यांत कॅन्सर सापडला, तर तो लशीच्या आधीपासून शरीरात होता असंच बहुतेक वेळा निघतं.

चार, न घेतलेल्यांमध्ये किती? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि मेसेजमध्ये त्याचं उत्तर कधीच नसतं. लस घेतलेल्या शंभर जणांना कॅन्सर झाला, हे वाक्य एकटं काहीच सांगत नाही. त्याच वयाच्या, तशाच राहणीच्या, लस न घेतलेल्या तितक्याच लोकांत किती जणांना झाला, हे शेजारी ठेवलं की मग अर्थ लागतो.

हे चार प्रश्न हाती घेऊन, सर्वांत जास्त फिरणाऱ्या शंकांकडे वळू.

पोलिओच्या लशीत माकडाचा विषाणू होता का?

होता. ही अफवा नाही, इतिहास आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

१९५५ साली अमेरिकेत साल्क यांची पोलिओची लस आली. ती माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून बनत असे. बर्निस एडी या शास्त्रज्ञ महिलेने १९५९ च्या सुमारास त्या पेशींचा अर्क हॅमस्टर नावाच्या लहान प्राण्यांना टोचला, तेव्हा त्यांना गाठी झाल्या. पुढच्याच वर्षी बेन स्वीट आणि मॉरिस हिलमन यांनी त्यामागचा विषाणू ओळखला. त्याचं नाव एसव्ही-४०. १९६१ मध्ये नव्या साठ्यांत हा विषाणू नसावा असा नियम झाला. पण आधी बनलेला साठा परत मागवला नाही आणि १९६३ पर्यंत तो वापरात राहिला. १९५५ ते १९६३ या काळात तिथल्या सुमारे ९ कोटी ८० लाख लोकांनी पोलिओची लस घेतली होती. त्यांतल्या एक ते तीन कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू गेला असावा असा अंदाज आहे.

इथे आपला चौथा प्रश्न कामी येतो. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या पिढ्यांची तुलना अमेरिका, स्वीडन, डेन्मार्क आणि जर्मनीत अनेक दशकं झाली. विषाणू असलेली लस मिळालेल्यांत कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. २००२ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने सगळे पुरावे तपासले. लोकसंख्येच्या अभ्यासांत वाढ दिसत नाही, पण कुणाला लागण झाली आणि कुणाला नाही हे नेमकं ठाऊक नसल्याने या अभ्यासांवरून ठाम "हो" किंवा ठाम "नाही" म्हणता येणार नाही, असं तिने प्रामाणिकपणे लिहिलं. विज्ञानाची भाषा अशीच असते. तिच्यातलं अर्धं वाक्य उचलून भीती पसरवणं सोपं असतं.

१९९५ पासून आपण मुलांना पाजत आलेल्या पल्स पोलिओच्या दोन थेंबांचा त्या जुन्या बाटल्यांशी संबंध नाही. त्या चुकीनंतर लशीसाठी वापरायच्या पेशी आणि प्रत्येक साठा परक्या विषाणूंसाठी तपासणं बंधनकारक झालं. आपल्या देशात लशीचे साठे हिमाचल प्रदेशातल्या कसौली इथल्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत तपासले जातात. चूक घडली, ती उघड झाली आणि तिच्यातून आजची तपासणी उभी राहिली, असा हा सगळा इतिहास आहे.

लशीत "कॅन्सर करणारी रसायनं" असतात का?

या शंकेत बहुतेक वेळा फॉर्माल्डिहाइडचं नाव येतं. काही लसींमध्ये विषाणू किंवा विष निकामी करायला ते वापरतात, आणि त्याचा अंश मागे राहतो. हे रसायन वर्षानुवर्षं हवेतून नाकात गेलं तर कॅन्सर होतो हेही खरं आहे. अशा कारखान्यांत काम करणाऱ्यांना तो धोका असतो. पण लशीच्या डोसमध्ये ते जास्तीत जास्त एक दशांश मिलिग्रॅमच्या आसपास असतं. आपलं शरीर स्वतःच्या रोजच्या कामकाजात हेच रसायन सतत तयार करतं आणि मोडतं. दोन महिन्यांच्या बाळाच्या रक्तात कुठल्याही क्षणी ते त्या डोसच्या दहापट तरी असतं. मात्रा आणि मार्ग न सांगता नुसतं रसायनाचं नाव सांगणं ही दिशाभूल आहे.

दुसरा आक्षेप पेशींचा. काही लसी प्रयोगशाळेत सतत वाढणाऱ्या पेशींवर बनतात. त्या पेशींचा डीएनए लशीत उरून आपल्या शरीरात गेला तर? ही शंका सर्वांआधी शास्त्रज्ञांनीच उपस्थित केली. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसमागे त्याची मर्यादा १० नॅनोग्रॅम ठरवली. हा एका ग्रॅमचा दहा कोटीवा भाग झाला. शुद्धीकरणात त्या डीएनएचे बारीक तुकडेही होतात.

तिसरी गोष्ट जाणत्या लोकांनाही चक्रावून टाकते. काही लसींच्या माहितीपत्रकावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की या लशीची कॅन्सर करण्याच्या क्षमतेसाठी चाचणी झालेली नाही. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. याचा अर्थ असा: उंदरांना जन्मभर औषध देऊन पाहण्याची एक विशिष्ट चाचणी असते. माणसाला सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ सतत घ्यावी लागणारी जी औषधं आहेत, त्यांच्यासाठी ती करतात. आयुष्यात एकदा-दोनदा, तेही अत्यल्प प्रमाणात घ्यायच्या लशीला ती सहसा लावत नाहीत, म्हणून पत्रकात तसं नमूद करावं लागतं. कॅन्सर होतो की नाही हे माणसांमध्ये कुणी पाहिलंच नाही, असा त्याचा अर्थ नाही. ते लाखो माणसांमध्ये पाहिलेलं आहे. पुढे त्याचे आकडे येतील.

कोविडच्या लशीचं काय?

"टर्बो कॅन्सर" हा शब्द याच लशीनंतर पसरला. कॅन्सरच्या वैद्यकीय वर्गीकरणात असा कुठलाही प्रकार नाही. या शब्दाभोवतीचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले आहेत आणि ते एमआरएनए लशींबद्दल बोलतात. आपल्याकडे दिलेले बहुतांश डोस कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिनचे होते. म्हणजे पहिल्याच प्रश्नावर, कोणती लस या प्रश्नावर, तो मेसेज गळतो. खात्री करायची तर आपलं लसीकरण प्रमाणपत्र उघडा, लशीचं नाव त्यावर लिहिलेलं आहे.

तरीही तिन्हींचा हिशेब करू. एमआरएनए पेशीच्या केंद्रकात, म्हणजे जिथे आपला डीएनए असतो तिथे, जात नाही आणि थोड्याच दिवसांत मोडून जातं. कोविशिल्डमध्ये वाढू न शकणारा एक सर्दीचा विषाणू वाहक म्हणून वापरला होता. त्याचा डीएनए केंद्रकापर्यंत जातो, पण आपल्या गुणसूत्रांत स्वतःला जोडून घ्यायची यंत्रणा त्याच्याकडे नसते. कोव्हॅक्सिनमध्ये तर मारलेला विषाणू होता.

कोविशिल्डचा एक खरा, अतिशय दुर्मीळ आणि गंभीर दुष्परिणाम आहे. रक्तात गुठळ्या होणं आणि सोबत प्लेटलेट कमी होणं. तो लस घेतल्यापासून काही दिवसांत ते काही आठवड्यांत दिसतो. २०२१ मध्येच तो जगभरात नोंदला गेला आणि काही देशांनी तरुणांसाठी ही लस थांबवली. लाखांत एखाद्याला होणारा त्रासही पकडला जातो, हे यातून दिसतं. पण ती गुठळी आहे, कॅन्सर नाही. मराठीत "गुठळी" आणि "गाठ" हे शब्द जवळचे आहेत, म्हणून बातम्या वाचताना गल्लत होते. ती करू नका.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला

"पण आमच्या ओळखीत दुसरा डोस झाला आणि महिन्याभरात कॅन्सर निघाला." हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित तुमच्याच घरात घडलं असेल. त्या माणसाचं दुःख खरं आहे. पण कारण तेच आहे का, हे पाहायला थोडं गणित करू.

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कॅन्सर झाला, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. ढोबळमानाने दर हजार माणसांमागे वर्षाला एक. १७ सप्टेंबर २०२१ या एकाच दिवशी देशात अडीच कोटींच्या आसपास कोविडचे डोस दिले गेले. आता अडीच कोटी माणसं घ्या. लशीचं नावही काढू नका. त्यांच्यात वर्षाला २५ हजार जणांना कॅन्सर निघणारच आहे, म्हणजे महिन्याला दोन हजारांहून जास्त. म्हणजे त्या एका दिवशी सुई टोचून घेतलेल्या लोकांपैकी दोन हजारांवर घरांत पुढच्या महिनाभरात ही बातमी येणारच होती. त्या प्रत्येक घराला वाटणार की लशीनंतर झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, ती अशी.

याला जोड मिळाली टाळेबंदीची. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली. कॅन्सर कमी झाला नव्हता, लोक घरात अडकले होते. मग जे आले ते उशिरा आले, आजार वाढलेला घेऊन आले. ते उशिरा येण्याचा आणि लसीकरणाचा काळ नेमका एकच पडला.

कॅन्सर रोखणाऱ्या दोन लसी

इथवर आपण भीतीला उत्तरं दिली. आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो. लस आणि कॅन्सर यांचं पक्कं नातं आहे, पण ते उलट दिशेचं आहे. दोन लसी अशा आहेत की त्या कॅन्सर रोखतात.

पहिली, कावीळ ब ची. जन्मताना आईकडून हा विषाणू बाळात गेला तर दहांपैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. पुढे काही दशकांनी त्यातूनच काहींचं यकृत निकामी होतं किंवा त्यांना यकृताचा कॅन्सर होतो. तैवानने जुलै १९८४ पासून नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. त्यापूर्वी तिथे ६ ते १४ वर्षांच्या मुलांत यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण वर्षाला दर लाखात ०.७० होतं. १९९० ते १९९४ मध्ये ते ०.३६ वर आलं, जवळपास निम्म्यावर. एका लशीमुळे कॅन्सर घटल्याचा हा जगातला पहिला मोठा पुरावा. आपल्याकडे ही लस सरकारी लसीकरणात मोफत आहे. जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिली, आणि मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या एकत्रित लशीतून.

दुसरी, एचपीव्हीची. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवलं आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. भारतात २०२२ मध्ये सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर झाला आणि ८० हजारांच्या जवळपास दगावल्या. या लशीत जिवंत किंवा मेलेला विषाणू नसतो. त्याच्या बाहेरच्या कवचाची रिकामी प्रतिकृती असते, आत डीएनए नसतो. त्यामुळे तिच्यातून कॅन्सर होण्याचा मार्गच राहत नाही. स्वीडनमध्ये १६ लाखांहून जास्त मुली आणि तरुणींचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी होता. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस दिलेल्या मुलींत ८७ टक्क्यांनी घटला. मघाशी मी ज्या लाखो माणसांबद्दल बोललो ती ही.

"या लशीने कॅन्सर ४४ टक्क्यांनी वाढतो" असंही फिरतं. तो आकडा कुठला, तेही सांगतो. २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांपुढे आलेल्या एका चाचणीत, ज्या स्त्रियांना लशीआधीच या विषाणूची लागण झालेली होती अशा एका छोट्या गटात कॅन्सरपूर्व बदल काहीसे जास्त दिसले होते. मुळात त्या गटातल्या स्त्रियांची जोखीम आधीच जास्त होती, आणि इतर चाचण्यांत तसं दिसलं नाही. पण त्यातून एक उपयोगी धडा मिळतो. ही लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही. म्हणून ती लहान वयात, संसर्गाची शक्यता निर्माण होण्याआधी द्यायची असते.

आपल्याकडे या लशीबद्दल जो अविश्वास आहे त्यालाही इतिहास आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत एक प्रात्यक्षिक प्रकल्प झाला. त्यातल्या सात मुलींचा मृत्यू झाला आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं गेलं. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पाण्यात बुडणं, सर्पदंश, कीटकनाशकाचं विष अशी कारणं निघाली. मात्र वसतिगृहांतल्या मुलींसाठी पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या घेतल्या होत्या, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. ते योग्यच होते. लस चांगली असली तरी आईबापांना न विचारता द्यायचा अधिकार कुणालाच नाही.

त्याच स्थगितीची दुसरी बाजू मराठी माणसाला ठाऊक असायला हवी. त्या वेळी एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारा एक वेगळा अभ्यास देशात चालू होता. पुण्यात आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीतही त्याची केंद्रं होती. तोही थांबला. हजारो मुलींचे पुढचे डोस राहून गेले, त्यांना एकच मिळाला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं त्यांची तपासणी चालू ठेवली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की दहा वर्षांनंतरही एका डोसने टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागच्या पुराव्यांत बार्शीच्या मुलींचा वाटा आहे.

आता घरात काय करायचं?

बाळ असेल तर: माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवा. जन्माच्या दिवशीच कावीळ ब ची लस दिली का, ते विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. बीसीजीचा फुगवटा तसाच राहू द्या. मांडीवर पेंटाव्हॅलंटच्या जागी कधी कधी न दुखणारी छोटी गाठ काही आठवडे राहते, ती आपोआप विरते. मात्र कुठलीही गाठ वाढत गेली, काखेत लिंबाएवढी झाली, त्यातून पू वाहू लागला किंवा बाळाचं वजन वाढेनासं झालं तर डॉक्टरांना दाखवा.

मुलगी ९ ते १४ वर्षांची असेल तर: एचपीव्ही लशीबद्दल आपल्या डॉक्टरांशी आणि आरोग्य केंद्रात बोला. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही देशी लस २०२३ मध्ये आली. ती मुलींप्रमाणे मुलग्यांनाही देता येते. शाळेत लस देणार असतील तर संमतीपत्र स्वतः वाचा, कळेल असं समजावून मागा आणि मगच सही करा. सुईनंतर काही मुलींना भोवळ येते, म्हणून अर्धा तास तिथेच बसू द्या.

तुम्ही तिशी ओलांडलेली स्त्री असाल तर: लशीपेक्षा तपासणी तुमच्या जास्त कामाची. आताच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले, असं त्यात दिसलं. सरकारी केंद्रांत दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची साधी तपासणी करून मिळते. लाज बाजूला ठेवा आणि जा. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे ही तपासणी सोडायची नाही.

लशीनंतर काखेत गाठ आली तर: ज्या हाताला सुई टोचली त्याच बाजूला काही आठवडे गाठ येऊ शकते. मॅमोग्राफीला जाताना लशीची तारीख आणि हात कोणता होता ते सांगा. पण स्तनात गाठ लागत असेल तर लशीचं निमित्त करून एक दिवसही थांबू नका.

घरात कॅन्सरचा रुग्ण असेल तर: केमोथेरपी चालू असताना गोवर, कांजिण्या, बीसीजी यांसारख्या जिवंत लसी टाळतात. फ्लू आणि न्यूमोनियाच्या निर्जीव लसी मात्र बहुतेकांना उपयोगाच्या असतात, वेळ डॉक्टर ठरवतील. घरात पोलिओचे थेंब घेणारं बाळ असेल तर तेही त्यांना सांगा.

लशीनंतर खरंच त्रास झाला तर: गप्प बसू नका. आशाताई, आरोग्यसेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद करा. जिल्ह्यात अशा घटनांची चौकशी करणारी समिती असते. महाराष्ट्रात १०४ या क्रमांकावर आरोग्य सल्ला मिळतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८०० १८० ३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते.

मेसेज आला तर: पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा. कोणती लस, कोणता कॅन्सर, किती काळाने, न घेतलेल्यांत किती. चारांची उत्तरं नसतील तर तो मेसेज तिथेच थांबवा.

मुंबईत परळला हाफकिन संस्था आणि टाटा मेमोरियल रुग्णालय एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. एक लशीची, दुसरी कॅन्सरची. लस आणि कॅन्सरवरचा उपचार यांचं नातंही तितकंच जवळचं आहे. लेखाच्या सुरुवातीला ज्या बीसीजीमुळे आजी घाबरली, तीच बीसीजी मूत्राशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांना गेली कित्येक दशकं औषध म्हणून दिली जाते. नळीने थेट मूत्राशयात सोडतात, आणि ती शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करून कॅन्सर परत येण्यापासून रोखते.

आपल्या महाराष्ट्रात कॅन्सरची खरी कारणं आपल्या हाताशीच पडलेली असतात. मिश्रीची डबी, तंबाखूची पुडी, खिशातली विडी, आणि "काही होत नाही" म्हणून टाळलेली तपासणी. काळजी करायचीच असेल तर त्यांची करा. आणि या आठवड्यात दोन कामं करा: मुलांचं लसीकरण कार्ड काढून एखादा डोस राहिला आहे का ते पाहा, आणि घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येक बाईची तपासणीची तारीख ठरवा.